पनवेलमध्ये आपण किती? आकडा कुठे मिळतो आणि तो कसा वाचायचा

जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की तीन माणसं तीन आकडे सांगतात. पनवेलमध्ये मुस्लिम लोकसंख्या किती? निवडणूक जवळ आली की आकडा फुगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला भीती घालायची असली तर आणखी फुगतो. आणि शाळा, दवाखाना, कब्रस्तान मागायची वेळ आली की तोच आकडा एकदम गायब होतो.

गेल्या वर्षी जमातीच्या काही बुजुर्गांबरोबर आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. नव्या वसाहतीत दफनविधीसाठी जागा मिळावी, असा अर्ज होता. साहेबांनी अर्ज नीट वाचला. मग विचारलं, "या भागात तुमची लोकसंख्या किती आहे?" आमच्यातले चाचा म्हणाले, "पुष्कळ आहे, साहेब." "पुष्कळ म्हणजे किती?" यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. अर्जावर शेरा पडला: लोकसंख्येच्या माहितीसह पुन्हा अर्ज करावा.

साहेबांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. चूक आपली होती. म्हणून आम्ही हा आकडा शोधायला बसलो. शोधताना काय मिळालं, काय मिळत नाही, आणि जे मिळतं ते वाचताना कुठे फसायला होतं, हे वाचकांपुढे ठेवतो आहोत.

आधी ठरवा, कोणतं पनवेल?

पहिली अडचण नावाचीच आहे. "पनवेल" म्हणजे निदान तीन वेगवेगळ्या हद्दी.

एक, जुनी पनवेल नगरपरिषद. १८५२ साली स्थापन झालेली, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १,८०,०२० होती.

दोन, पनवेल महानगरपालिका. ही १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका. तिच्यात जुनं शहर आलं, खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा या सिडकोच्या वसाहती आल्या, आणि २९ गावंही आली. याच हद्दीत २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसं मोजली तर आकडा ५ लाख ९ हजारांच्या वर जातो.

तीन, पनवेल तालुका. यात महानगरपालिकेबाहेरची गावंही धरली, तर २०११ चा आकडा साडेसात लाखांच्या आसपास.

एकच जनगणना, एकच वर्ष, एकच नाव, आणि तीन आकडे: एक लाख ऐंशी हजार, पाच लाख, साडेसात लाख. आता कुणी म्हणालं की "पनवेलमध्ये इतके टक्के मुस्लिम", तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: भाऊ, कोणत्या पनवेलमध्ये?

हद्द बदलली की टक्का कसा बदलतो ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा एका जुन्या वस्तीत १,००० माणसं आहेत, त्यांपैकी ३०० मुस्लिम. म्हणजे ३० टक्के. शेजारी नवी वसाहत उभी राहिली, तिथे ४,००० माणसं, त्यांत २०० मुस्लिम. दोन्ही मिळून एक हद्द केली तर ५,००० पैकी ५००, म्हणजे १० टक्के. एकही माणूस शहर सोडून गेला नाही, उलट दोनशे वाढले, तरी टक्का ३० वरून १० वर आला. जुन्या शहराचा टक्का घेऊन तो सगळ्या महानगरपालिकेला लावणं, किंवा महानगरपालिकेचा टक्का एखाद्या मोहल्ल्याला लावणं, हे दोन्ही चूक आहे.

जुने कागद शोधणाऱ्यांना हद्दीचा हा घोळ आणखी मागेपर्यंत भेटतो. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेल शोधायचं असेल तर ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात बघावं लागतं. पुढे पनवेल कुलाबा जिल्ह्यात गेलं, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातलं पनवेल एका जिल्ह्याच्या नावाखाली, आजोबांचं दुसऱ्या, आणि आपलं तिसऱ्या.

२०११ च्या जनगणनेत काय आहे, काय नाही

देशात धर्मानुसार लोकसंख्या मोजणारा एकच अधिकृत दस्तऐवज आहे, जनगणना. २०११ च्या मोजणीचे धर्माचे आकडे २५ ऑगस्ट २०१५ ला जाहीर झाले, मोजणीनंतर चार वर्षांनी. त्यानुसार देशात मुस्लिम १७ कोटी २२ लाख, म्हणजे १४.२ टक्के. महाराष्ट्रात १ कोटी २९ लाख ७१ हजार, म्हणजे ११.५ टक्के. रायगड जिल्ह्यात साडेआठ टक्क्यांच्या थोडं वर.

धर्माच्या या तक्त्याचं नाव "सी-१". जनगणना आयुक्तांच्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. राज्य निवडलं की जिल्हा, तालुका आणि शहर इथपर्यंत त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन असे रकाने दिसतात, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या.

पण पनवेलकरांनी हा तक्ता उघडला की एक गंमत होते. २०११ मध्ये महानगरपालिका नव्हतीच, त्यामुळे तिच्या नावाची ओळ तिथे सापडत नाही. जुनी नगरपरिषद एका ओळीत आहे, आणि सिडकोच्या वसाहतींचा मोठा भाग "नवी मुंबई पनवेल रायगड" अशा लांबलचक नावाच्या वेगळ्या शहरी विभागात आहे. हे नाव माहीत नसेल तर माणूस शोधत बसतो आणि शेवटी तक्ता अपुरा आहे असं समजून सोडून देतो.

याहून मोठी अडचण गावांची आहे. प्रत्येक गावाचा आणि शहरातल्या प्रत्येक वॉर्डाचा जनगणनेचा एक मूळ गोषवारा असतो. त्यात एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे, हे सगळं मिळतं. धर्म मात्र मिळत नाही. महानगरपालिकेत आलेल्या २९ गावांत मुस्लिम किती, हे प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत वेगळं दिलेलं नाही. म्हणून शहरी ओळींची बेरीज केली तरी महानगरपालिकेचा पूर्ण आकडा जुळत नाही. एखाद्या मोहल्ल्याचा किंवा प्रभागाचा तर नाहीच नाही.

"पनवेल महानगरपालिकेत अमुक हजार मुस्लिम" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज सांगतो आहे, हे यावरून लक्षात यावं. अंदाज सांगायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणूनच सांगावा.

मग राजकीय पक्षांकडे प्रभागवार आकडे कुठून येतात? मतदार यादीवरून. यादीत धर्माचा रकाना नसतो. नावं वाचून मोजणी केली जाते. कोकणात पटेल, देशमुख, खोत ही आडनावं दोन्हीकडे सापडतात, तेव्हा मोजणारा चुकणारच. शिवाय यादीत फक्त १८ वर्षांवरचे आणि नोंदणी झालेले लोक असतात. शाळेतली मुलं त्यात नाहीत, आणि गावाकडच्या यादीत नाव ठेवून इथे राहणारेही नाहीत. निवडणुकीच्या हिशोबाला ती मोजणी चालत असेल, शाळेच्या मागणीला चालत नाही.

पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढे लांबतच गेली. म्हणजे आज जो काही अधिकृत आकडा आपल्या हातात आहे तो २०११ चा. इतर शहरांना तो जुना असेल, पनवेलला तो फारच जुना आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तळोजा, करंजाडे, खारघरकडे जे टॉवर दिसतात त्यांतले कित्येक २०११ मध्ये नव्हतेच. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल मतदारसंघात साडेसहा लाखांवर मतदार होते. हद्द वेगळी आहे, त्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. पण शहर किती वाढलं याची कल्पना येते.

मुंबईतल्या छोट्या खोल्या सोडून, कोकणातल्या गावांतून, मराठवाड्यातून किती मुस्लिम कुटुंबं या काळात इथे आली? याचं उत्तर आज कोणत्याही सरकारी कागदावर नाही. तरीही महानगरपालिकेचे प्रभाग २०११ च्याच लोकसंख्येवर पाडले गेले.

खरा आकडा, चुकीचं वाचन

आकडा खरा असला तरी तो चुकीचा वाचला जातो. दोन उदाहरणं देतो, दोन्ही राष्ट्रीय पातळीवरची आणि दोन्ही आपल्याबद्दलची.

सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेचा धर्मविषयक अहवाल आला. बातमी झाली की मुस्लिम लोकसंख्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढली. देशभर गदारोळ झाला. मग लक्षात आलं की १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. म्हणजे १९९१ च्या बाजूला काश्मीर नाही, २००१ च्या बाजूला आहे, आणि दोन्हींची तुलना केली गेली. काश्मीर दोन्हीकडून बाजूला ठेवल्यावर वाढ २९ टक्क्यांच्या आसपास आली, आणि ती आधीच्या दशकापेक्षा कमी होती. २००१ ते २०११ या दशकात ती आणखी उतरून २४.६ टक्के झाली. पण ३६ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

दुसरं उदाहरण २०१६ चं. "मुस्लिमांत जवळजवळ ४३ टक्के निरक्षर" असे मथळे आले. आपल्याच अनेक लोकांनी मान खाली घालून ते फॉरवर्ड केले. आकडा जनगणनेचाच होता. पण जनगणनेत सात वर्षांखालचं प्रत्येक मूल निरक्षर धरलं जातं, मग ते बालवाडीत कविता म्हणत असो की पाळण्यात असो. त्या ४३ टक्क्यांत ही सगळी लहान मुलं होती. साक्षरतेचा दर काढताना सात वर्षांवरचेच लोक धरायचे असतात. तसा धरला तर मुस्लिमांचा दर ६८.५ टक्के येतो, म्हणजे निरक्षर साधारण ३१ ते ३२ टक्के. हाही आकडा अभिमानाचा नाही. पण ४३ आणि ३२ यांत फार फरक आहे.

या दोन्हींवरून आम्ही स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणताही आकडा समोर आला की विचारायचे. हा कुणी मोजला आणि कधी? हद्द कोणती? आणि टक्का असेल तर तो कशाचा टक्का, म्हणजे खाली भागायला कोण घेतले आहेत? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा पुढे पाठवायचा नाही. तो आपल्याला आवडणारा असला तरी नाही.

किती आहोत, त्याबरोबर कसे आहोत

आपल्या बैठकांत "किती" यावर जेवढी चर्चा होते, तेवढी "कसे" यावर होत नाही. विकासाचं गणित मात्र दुसऱ्या प्रश्नावर चालतं.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा (७६.९) थोडी वरच. ऐकून बरं वाटतं. पण साक्षर म्हणजे लिहिता-वाचता येणारा, एवढंच. पुढच्या पायऱ्यांवर काय होतं ते उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात दिसतं. देशातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मुस्लिमांचा वाटा २०१९-२० मध्ये ५.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४.६ टक्क्यांवर आला. लोकसंख्येत १४ टक्के आणि कॉलेजात ४.६. मधे कुठेतरी पोरं गळतात. आठवीनंतर? दहावीनंतर? मुलगे दुकानावर बसतात म्हणून, की कॉलेज लांब आहे म्हणून मुली थांबतात? पनवेलपुरतं याचं उत्तर आपल्याकडे नाही.

सच्चर समितीचं महत्त्व इथेच आहे. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. शिक्षण, नोकरी, बँकेचं कर्ज, शासकीय सेवा या सगळ्यांत मुस्लिम नेमके कुठे आहेत, ते तिने तक्त्यांतून मांडलं. अशा आकड्यांचा एकत्र साठा असावा, अशीही शिफारस केली. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान यांच्या अभ्यासगटाने तेच काम राज्यापुरतं करून २०१३ मध्ये अहवाल दिला.

या आकड्यांचं पुढे काय झालं? २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने नोकऱ्यांतल्या मुस्लिम आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं तेवढं चालू ठेवलं. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि तेही गेलं. राजकारण आपल्या हातात नसेल, पण आकड्यांच्या आधारावर उभी असलेली मागणी कोर्टात निदान ऐकली गेली, हे विसरता येत नाही.

उलटी बाजूही आहे. २००८-०९ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी मोठा विकास कार्यक्रम आणला. देशातले ९० जिल्हे निवडले, २००१ च्या जनगणनेवरून. महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाणा त्यात आले. रायगड नव्हता. जिल्ह्याच्या सरासरीत तळोजे पाचनंदसारखी वस्ती दिसतच नाही. सरासरीत जी वस्ती दिसत नाही तिची गरज दाखवायला स्थानिक आकडाच लागतो.

शाळेचे आकडे मागता येतात

लोकसंख्येचा नाही, तरी शिक्षणाचा स्थानिक आकडा आजही मिळवता येतो. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा दरवर्षी "यू-डायस" नावाच्या सरकारी प्रणालीत माहिती भरते. त्यात इयत्तेनुसार मुलं-मुली, आणि अल्पसंख्याक समाजांचे विद्यार्थी वेगळे नोंदवलेले असतात. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते.

अर्ज कसा करायचा? साधा आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६ नुसार अर्ज, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळी गाऱ्हाणी एकाच कागदावर लिहू नका. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचे जन माहिती अधिकारी, महानगरपालिकेची असेल तर मनपाच्या शिक्षण विभागाचे.

मजकूर असा असावा: "अमुक शाळेतील इयत्ता १ ली ते १० वी मधील मुस्लिम विद्यार्थी व विद्यार्थिनींची इयत्तानिहाय संख्या, गेल्या पाच शैक्षणिक वर्षांची, यू-डायसमध्ये भरलेल्या माहितीच्या प्रतीसह." "गळती का होते?" असं विचारू नका. अधिकाऱ्याने त्याच्याकडे असलेला कागद द्यायचा असतो, कारणं शोधायची नसतात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

पाच वर्षांचे कागद हातात आले की आजच्या सातवीची संख्या पुढच्या वर्षीच्या आठवीशी, तिची नंतरच्या नववीशी, अशी तिरकी तुलना करायची. सातवीत ४० मुली होत्या आणि तीन वर्षांनी दहावीत १८ उरल्या असं दिसलं, तर बाकीच्या गेल्या कुठे हे विचारायची वेळ आली. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी.) काही दुसऱ्या शाळेत गेल्या असतील. घरी जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही.

याशिवाय अलिबागच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडून दरवर्षी "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" निघतं. त्यात धर्मवार माहिती फारशी नसते, पण शाळा, दवाखाने, रस्ते, बँका तालुकावार मिळतात. आपल्या भागात काय आहे आणि काय नाही ते दाखवायला ते उपयोगी पडतं.

जमातीची स्वतःची मोजणी

कोकणातल्या जमातींना मोजणी नवी नाही. घरपट वर्गणीची वही, निकाहचं रजिस्टर, दफनाची नोंद, हे सगळं अनेक मशिदींत पिढ्यान्पिढ्या आहे. पण त्यात जमातीबाहेरून आलेली कुटुंबं नसतात, आणि भाड्याने राहणारे तर नसतातच. नव्या वसाहतींत बहुतेक आपली माणसं हीच आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. एका वसाहतीपासून सुरुवात करावी. कॉलेजची दहा-बारा मुलं-मुली घ्यावीत, मुली जरूर घ्याव्यात, नाहीतर घरातल्या बायकांची माहिती निम्मीच मिळते. प्रश्न दहाच्या वर नकोत: घरात माणसं किती, वयं काय, कोण कुठल्या इयत्तेत आणि कोणत्या माध्यमात, कुणी शाळा सोडली असेल तर कितवीनंतर, कमावणारे किती आणि काम काय, घर स्वतःचं की भाड्याचं, इथे किती वर्षं, रेशन कार्ड आहे का, घरात कुणाला कायमचं औषध चालू आहे का.

दोन गोष्टी पाळायच्याच. आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर विचारायचा नाही. नावाऐवजी घराला क्रमांक द्यायचा. आणि कुठे, कधी, किती घरांत मोजणी केली, किती घरांनी दार उघडलं नाही, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं. आपला आकडा लहान असला तरी खरा असला पाहिजे. पन्नास घरं मोजली असतील तर पन्नासच लिहा. साहेबांनी उलटतपासणी केली तर त्यातूनच विश्वास बसेल.

२०२७ मध्ये आपली नोंद

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढची जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला, प्रत्येक राज्याला त्यातले ठरावीक दिवस. यात घर, पाणी, शौचालय, इंधन, वाहन वगैरे विचारतात, कुटुंबातल्या प्रत्येकाचा धर्म विचारत नाहीत. दुसरा टप्पा माणसांच्या मोजणीचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. धर्म, मातृभाषा, शिक्षण, काम, स्थलांतर हे त्यात येतं. या वेळी जातही विचारली जाणार आहे. पहिल्या टप्प्यात धर्म विचारला नाही म्हणून "आपल्याला गाळलं" अशी अफवा पसरली तर तिला इथेच थांबवा.

जातीच्या रकान्याचा विचार घरात आधीच करून ठेवा. राज्याच्या ओबीसी यादीत मोमीन, तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या आहेत. ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांनी त्यावर जे नाव आहे तेच सांगावं. घरातल्या एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं तर बिरादरीचा आकडाच विस्कटतो.

मातृभाषेचंही तसंच. २०११ मध्ये महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख होते, आणि मुस्लिम जवळजवळ १ कोटी ३० लाख. म्हणजे राज्यातल्या मुस्लिमांपैकी मोठ्या संख्येने लोकांनी उर्दूऐवजी दुसरी भाषा सांगितली आहे. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. आई कोकणी बोलत असेल तर कोकणी, मराठी असेल तर मराठी, उर्दू असेल तर उर्दू. मागच्या वेळी त्याच्या पुढचाच प्रश्न येत असलेल्या इतर भाषांचा होता, दोन भाषा लिहिता येत होत्या. उर्दू शाळेची काळजी असलेल्यांनी तो प्रश्न मोकळा सोडू नये. खोटं काही सांगायची गरज नाही.

भीतीचाही विषय आहे, तो टाळत नाही. २०२० मध्ये अनेक घरांत कागदपत्रांची जी धास्ती होती ती आम्ही पाहिली आहे. जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते. त्याच्या कलम १५ नुसार तुमचा वैयक्तिक फॉर्म कुणाला बघता येत नाही, आणि तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही ही वेगळी गोष्ट आहे, ती २००३ च्या नागरिकत्व नियमांतून येते. दारात आलेल्या प्रगणकाकडे ओळखपत्र मागा, फॉर्मवर काय लिहिलं आहे ते वाचा, आणि जनगणनेचा असेल तर निःसंकोच भरा. दार लावून घेतलं तर तुमचं कुटुंब पुढच्या जनगणनेपर्यंत कुठल्याच तक्त्यात नसेल.

त्यासाठी एवढं करता येईल. फेब्रुवारी २०२७ च्या आधीच्या एखाद्या जुम्याला इमाम साहेबांनी पाच मिनिटं याबद्दल सांगावं. प्रत्येक सोसायटीत, चाळीत एक जण ठरवावा, जो भाडेकरू आणि एकट्या राहणाऱ्या मुलांची मोजणी झाली का ते बघेल. गावाला गेलेल्या कुटुंबांनी आपली नोंद कुठे होणार याची आधीच खात्री करून घ्यावी.

चाचांचा तो अर्ज अजून तसाच आहे. वसाहतीतल्या मोजणीचे फॉर्म आम्ही छापून घेतले आहेत, प्रश्न नऊ आहेत. ती पूर्ण झाली की अर्ज पुन्हा जाईल, आणि "पुष्कळ म्हणजे किती?" या प्रश्नाला चाचा या वेळी कागद पुढे करतील. तुमच्या मोहल्ल्यात असं काम कुणी करत असेल तर त्यांना साथ द्या. करत नसेल तर सुरुवात तुम्ही करा.